धुरा शेतातला आणि पार्किंगमधला

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भूमी अभिलेख खात्यात मी ३१ वर्षे भूकरमापक होतो. काटोल, नरखेड, कळमेश्वर, उमरेड, भिवापूर असे आपल्या नागपूर जिल्ह्यातले तालुके पायी तुडवले. लागलो तेव्हा हातात शंकूसाखळी होती, निवृत्त झालो तेव्हा ईटीएस हे इलेक्ट्रॉनिक मोजणीयंत्र, आणि आता नवी पोरे उपग्रहावर चालणारा रोव्हर घेऊन फिरतात. हत्यारे बदलली, भांडण तेच राहिले, धुऱ्याचे. पुण्याकडे ज्याला बांध म्हणतात तो आपला धुरा. शेजाऱ्याने पेरणीआधी नांगराचे एक तास इकडे जास्त मारायचे, ह्याने पुढल्या साली दोन तासे तिकडे मारून वसुली करायची, आणि दहा वर्षांत बैलगाडी जाईल एवढा धुरा मांजर चालेल एवढा उरायचा. मग अर्ज, मग मोजणी फी, मग आम्ही.

२०१६ मध्ये निवृत्त होऊन बेसा रोडवरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. दोन इमारतींची स्कीम, ४८ फ्लॅट, सभोवार भिंत, मोठे लोखंडी गेट, गेटवर चौकीदाराची खोली. जमिनीवर कुणाचाच सातबारा नाही, तर धुरा कुठून येणार, असे वाटले होते. सौ. आता म्हणते, "तुमचा धुरा तुमच्यासंगेच टेम्पोतून आला."

खाली पार्किंगमध्ये खांब क्रमांक ११ आणि १२ यांच्या मधली जागा, हे आमच्या स्कीमचे भांडणाचे मूळ. फ्लॅट २०२ च्या भाऊंजवळ बिल्डरच्या लेटरपॅडवरची पावती आहे, 'कार पार्किंग क्र. ७, दीड लाख रुपये'. सात नंबर म्हणजे कोणती जागा, हे कागदावर कुठेच नाही. बिल्डरने तेव्हा बोटाने दाखवली होती. ३०४ चे भाऊ त्यांच्याआधी दीड वर्ष राहायला आले आणि पहिल्या दिवसापासून गाडी तिथेच लावतात. त्यांनाही बिल्डरनेच दाखवली होती, त्याच बोटाने. एकाजवळ कागद, दुसऱ्याजवळ वहिवाट. हे प्रकरण मी उमरेड तालुक्यात किमान शंभर वेळा पाहिले असेल.

पुढचेही सगळे ओळखीचेच घडले. आधी खांबाजवळ गुलाबाच्या दोन कुंड्या आल्या. त्या महिन्याला वीतभर सरकायच्या. कुणी सरकवताना दिसायचे नाही, पण सकाळी फरशीवर मातीचा ओला गोल आणि कुंडी त्याच्या पुढे. हे नांगराचे तासच झाले. मग एका कार्तिकात तिथे तुळशीवृंदावन आले. ते पाहून मी मनात म्हटले, आता संपले. शेतात एखाद्याला हद्दीचा दगड हलू द्यायचा नसला की तो त्या दगडाला शेंदूर फासून ठेवायचा. आमची साखळी तिथे जाऊन अडायची. देवाला कोण हात लावणार? तुळशीला तरी कोण लावणार? उत्तरादाखल समोरून मुलाची जुनी सायकल आली, खांबाला साखळीने बांधलेली. मग एके दिवशी टायरमधली हवा गेली. मग काचेवर ओरखडा. गणपतीच्या मंडपाचा बांबू नेमका कुठे रोवायचा यावरून दोघे एकमेकांच्या अंगावर गेले, आणि पोलीस ठाण्यात अदखलपात्र नोंद झाली. तिथल्या साहेबांनी सांगितले, हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. कोर्टात दोघेही गेले नाहीत. वकिलाची फी ऐकून आले.

बायकांचे एकमेकींकडचे हळदीकुंकू बंद झाले ते वेगळेच. संक्रांतीला ३०४ च्या वहिनी वाण घेऊन दुसऱ्या जिन्याने उतरतात, २०२ च्या दारावरून जावे लागू नये म्हणून.

आता कायद्याचे. वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी पावती असेल, म्हणून लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात सांगितले की इमारतीखालचे खांबांमधले पार्किंग हे सामाईक क्षेत्र आहे, बिल्डरला ते फ्लॅटसारखे वेगळे विकता येत नाही. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या २०१६ च्या रेरा कायद्यातही उघडे पार्किंग, गच्ची, तळघर हे सगळे सामाईक जागांच्या व्याख्येत धरलेले आहे. आणि आपल्या नागपुरात बहुतेक स्कीम या सहकारी सोसायट्या नाहीतच, १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली डीड ऑफ डिक्लेरेशन म्हणजे घोषणापत्र करून नोंदलेल्या आहेत. त्या कायद्यात सामाईक जागेतला प्रत्येकाचा हिस्सा अविभक्त असतो आणि त्याची वाटणी कुणालाही मागता येत नाही. शेतात भावाभावांना महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप मागता येते. इथे तेही नाही. चार दिशांना तोंड केलेले ४८ भाऊ आणि कधीही न फुटणारा एकत्र सातबारा, अशी ही गंमत आहे.

हे सगळे मी २०२ च्या भाऊंना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बरोबर आहे काकाजी. पण मंग माहे दीड लाख कोण देईन?" याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. बिल्डरचा फोन लागत नाही. ऑफिस होते तिथे आता मोबाईल कव्हरचे दुकान आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल, काकाजी मोठे निःपक्ष. तर माझेही ऐका.

आमच्या बेडरूमची खिडकी पॅसेजमध्ये उघडते. नागपूरचा उन्हाळा मी वेगळा सांगायला नको. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता तेव्हा मी नरखेडकडे एका संत्र्याच्या बागेत मोजणीवर उभा होतो. अशा उन्हाळ्यात कूलर लागतोच. राहायला आलो त्या वर्षीच पॅसेजमध्ये लोखंडी स्टँड ठोकून त्यावर मोठा कूलर बसवला. मार्चमध्ये गडीमाणूस लावून खसच्या ताट्या बदलायच्या, पंप तपासायचा, आणि जूनपर्यंत तो घरघरत राहायचा. पॅसेजची निम्मी रुंदी गेली. कुणी काही म्हणाले नाही, कारण ज्याची खिडकी पॅसेजमध्ये उघडत होती त्या प्रत्येकाने तेच केले होते. उन्हाळ्यात आमच्या मजल्यावरून चालायचे म्हणजे अंगाचा एक काठ ओला करून घ्यायचा. फरशीवर शेवाळ धरायचे. पाणी खालच्या मजल्यावरच्यांच्या दारात टपकायचे; ते वर पाहून काहीतरी बोलायचे आणि आत जाऊन स्वतःचा कूलर लावायचे.

२०२४ च्या मे महिन्यात रात्री साडेअकराला आमच्या शेजारच्या आजी घेरी येऊन पडल्या. ॲम्ब्युलन्सची दोन पोरे स्ट्रेचर घेऊन वर आली. आजींना त्यावर घेतले आणि पॅसेजच्या वळणावर, माझ्या कूलरजवळ, स्ट्रेचर वळेना. पुढे घेतले, मागे घेतले. एक पोरगा म्हणाला, "काका, हे हटवा ना." दोनशे लिटर पाणी भरलेला कूलर असा कसा हटणार? शेवटी त्यांनी स्ट्रेचर तिरपे उभे केले आणि आजींना जवळजवळ उभ्याने, पट्ट्यांनी बांधलेल्या, माझ्या कूलरवरून पलीकडे घेतले. ओल्या ताटीला त्यांचा पदर घासला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या शुद्धीत होत्या.

आजी बऱ्या होऊन चौथ्या दिवशी घरी आल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत, उलट सौ. जवळ मूगवड्या पाठवल्या. कूलर मी दुसऱ्याच दिवशी काढला होता. हॉलच्या खिडकीत लहान बसवला, आणि ते दोन महिने बेडरूम सोडून हॉलमध्ये झोपलो. पण झोप काही लागेना. लोकांचे अतिक्रमण ३१ वर्षे फुटा-इंचात मोजणाऱ्या माणसाने स्वतःचे मोजले नव्हते.

तेव्हा ठरवले, आपल्या स्कीमची मोजणी करायची.

माहितीच्या अधिकारात १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून मंजूर नकाशाची प्रत मागितली. मिळाली. ४८ फ्लॅटवाल्यांपैकी एकानेही तो नकाशा तोवर पाहिलेला नव्हता, सचिवांनीही नाही. मीही नाही, आणि मी तर नकाशांवरच जगलेला माणूस! फ्लॅट घेताना आपण काय पाहतो? टाइल्स, मॉड्युलर किचन, पूर्वमुखी आहे की नाही. बिल्डरच्या ब्रोशरवर झाडे आणि हसणारे कुटुंब होते, ते पाहून सही केली.

फेब्रुवारीतला एक रविवार धरला. रीतीप्रमाणे लगतच्या सर्व खातेदारांना नोटीस काढली, म्हणजे लिफ्टमध्ये कागद चिकटवला: 'सकाळी ७ वाजता मोजणी, हजर राहावे, गैरहजर राहिल्यास हरकत ऐकली जाणार नाही.' लोक हसले, पण १९ जण आले. त्यातले निम्मे तर्री-पोह्यांसाठी आले असावेत, ते मीच सांगितले होते. टेपचे एक टोक २०२ च्या मुलाने धरले, दुसरे ३०४ च्या मुलीने. दोघे सातवीत, एकाच व्हॅनने शाळेत जातात. खालच्या त्या साखळी-कुलपाच्या सायकलवर दोघेही आळीपाळीने शिकलेले, हे त्यांच्या आईवडिलांना त्या दिवशी समजले.

नकाशा एका गाडीच्या बॉनेटवर पसरला. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरली आहे, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. गुंठा १०१ चौरस मीटरचा. एका गुंठ्यात मोजून आठ गाड्या, तीही मध्ये वळायला जागा न सोडता. आमच्या नकाशात ३४ गाड्यांची सोय दाखवलेली, आणि स्कीममध्ये आज ५७ गाड्या. हे पाहूनच अर्ध्या लोकांचे पोहे हातात राहिले. मग एकेक खांब धरून चुन्याची रेघ मारत गेलो. ८, ९, १०. अकराव्या खांबाशी आलो तेव्हा गप्पा थांबल्या.

अकरा आणि बाराच्या मध्ये नकाशावर गाडी काढलेलीच नव्हती. तिथे तिरप्या रेघा होत्या आणि लिहिले होते, मीटर रूमकडे जाण्याचा मार्ग.

मी पुन्हा मोजले. मुलांनी पुन्हा टेप धरली. तेच.

३०४ चे भाऊ बराच वेळ खांबाला टेकून उभे राहिले. "म्हणजे आम्ही नऊ वर्षं रस्त्यासाठी भांडून राहिलो होतो?" एवढेच म्हणाले. २०२ च्या वहिनींनी मात्र नकाशाच मानला नाही. काकाजी ३०४ वाल्यांकडे चहा पितात, त्यांनी मोजले तर असेच निघणार, असे त्या जाताना बोलल्या. याचे मला वाईट वाटले नाही. मोजणी विरुद्ध गेली की मोजणीदार पैसे खाऊन गेला, हे वाक्य मी जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्यात ऐकलेले आहे. फक्त स्वतःच्या लिफ्टमध्ये पहिल्यांदा ऐकले. २०२ च्या भाऊंनी तर सरळ निमताना मागितला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मोजणी मान्य नसेल तर वरचा अधिकारी पुन्हा मोजतो, त्याला निमताना म्हणतात, आणि त्याच्याही वर सुपर निमताना असतो. मी म्हटले, भाऊ, निमताना द्यायला आपल्या स्कीममध्ये उपअधीक्षक कुठून आणू?

संपादक महोदय, माझे सगळे म्हणणे या एका प्रश्नात आहे. शेतकऱ्याच्या धुऱ्याला व्यवस्था आहे. नोटीस आहे, लगतच्या लोकांसमोर मोजणी आहे, हद्दीच्या खुणा आहेत, शिक्क्यानिशी मोजणी नकाशाची 'क' प्रत हातात मिळते. वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा, आणि तहसीलदार आजही त्याखाली जागेवर येऊन अडथळा काढायला लावतो. २०२३ मध्ये सरकारने सलोखा योजना आणली. दोघे शेतकरी १२ वर्षांपासून एकमेकांच्या नावची जमीन कसत असतील तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये. आणि पन्नास-साठ लाखांचा फ्लॅट घेणाऱ्याला त्याची गाडी कुठे उभी राहील हे बिल्डर बोटाने दाखवतो. पोलीस म्हणतात दिवाणी, वकील म्हणतात दहा वर्षे, सचिव म्हणतात आपसात मिटवा.

'आपसात मिटवा' हा सल्ला देणाऱ्यांवर माझा फार राग आहे. सामंजस्य ठेवा, शेजारधर्म पाळा, असे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी फुलांच्या चित्रासकट येते आणि दुपारी त्याच ग्रुपवर गाडीच्या काचेचा फोटो येतो. काटोलला मी पाहिले आहे, खूण रोवून झाली की दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ तिथेच बसून बिड्या ओढायचे. खुणेच्या आधी त्यांना बसवले तर विळे निघायचे.

गच्चीचेही असेच चालू आहे. मार्चपासून कुरडया, पापड, शेवया वाळवणाऱ्या बायका आणि सोलरवाले यांच्यात. ४०१ ला पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटचे पॅनल बसवायचे आहे, अनुदान ७८,००० रुपये. त्याला साधारण तीनशे चौरस फूट लागतात. आमच्या इमारतीची मोकळी गच्ची ४,८०० फूट आणि फ्लॅट २४, म्हणजे वाट्याला दोनशे येतात, तेही कुणी कपडे वाळवले नाहीत तर. लिफ्ट आणि पंपासाठी सामाईक सोलर बसवावे, त्यालाही त्याच योजनेत अनुदान आहे, असे मी सुचवले. सध्या किल्ली कुणाकडे ठेवायची यावर चर्चा अडली आहे.

माझी मागणी मोठी नाही. रेरा कायद्याने विक्रीच्या वेळी मंजूर नकाशा ग्राहकाला पाहता येईल असा साइटवर किंवा ठरलेल्या जागी लावण्याची जबाबदारी बिल्डरवर टाकली आहे. २०२४ मध्ये महारेराने, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, करारनाम्याला पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि ठिकाण दाखवणारे परिशिष्ट जोडायला लावले. चांगले झाले. पण शेवटचा फ्लॅट विकला की तो नकाशा आणि ते होर्डिंग एकाच ट्रॅक्टरमध्ये जातात. आणि आमच्यासारख्या २०१७ च्या आधीच्या शेकडो स्कीमना तर हे काहीच लागू झाले नव्हते. तेव्हा महापालिका, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) आणि हद्दीबाहेर एनएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), ज्यांनी ज्यांनी नकाशे मंजूर केले, त्यांनी प्रत्येक स्कीमच्या गेटजवळ, चौकीदाराच्या खोलीच्या भिंतीवर, मंजूर नकाशा कायमचा लावणे बंधनकारक करावे. पत्र्यावर छापलेला, उन्हापावसात टिकेल असा. पार्किंग किती, मार्ग कुठला, पॅसेज किती रुंद, अग्निशमन गाडीची वाट कोणती. जुन्या स्कीमनी मागितल्यास ठराविक फी घेऊन जागेवर आखणी करून द्यावी. आमच्या खात्यातले माझ्यासारखे निवृत्त लोक नागपुरात पुष्कळ आहेत. रोजीने बोलावले तरी येतील, घरी बसून कंटाळलेले आहेत.

माझे नाव कृपया छापू नये. मला याच स्कीममध्ये राहायचे आहे.

जाता जाता आमच्याकडची आजची स्थिती. तुळशीवृंदावन ३०४ च्या वहिनींनी स्वतःच्या हाताने उचलून गॅलरीत नेले. २०२ ची गाडी अजून मीटर रूमच्या मार्गावर उभी असते, पण आता ती निम्मीच आत असते. चुन्याची रेघ गाड्या धुणाऱ्या पोराच्या पाण्याने तिसऱ्या दिवशी वाहून गेली. म्हणून मी पिवळ्या ऑइल पेंटचा डबा आणि चार इंची ब्रश आणून ठेवला, ठराव झाला की रेघ पक्की करायची. ठराव तीनदा पुढे गेला. डबा तोवर पॅसेजमध्ये, माझ्या दाराबाहेर होता, आणि काल ग्रुपवर त्याचा फोटो टाकून शेजारच्या आजींच्या नातवाने हरकत घेतली आहे. हरकत बरोबर आहे. हे पत्र टाकून आलो की डबा आत घेतो.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
बेसा रोड, नागपूर